बागेतले चार खांब

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही सिमेंटच्या प्रमाणांसाठी घेतली आहे. मनातलं वगैरे लिहिण्याची मला सवय नाही.

शेजारच्या घराचं काम संपत आलं. तिथल्या गवंड्याने उरलेलं अर्धं पोतं सिमेंट आमच्या फाटकाशी आणून ठेवलं आणि म्हणाला, "बाई, लवकर वापरा, नाहीतर पोत्यातच दगड होईल त्याचा." मी इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीत चौतीस वर्षं काढली. मुदत संपत आलेली वस्तू नुसती पडून राहिली की मला चैन पडत नाही. म्हटलं, बागेसाठी काहीतरी करावं. कुंड्या, भूछत्रं, असलं काही.

बाग ताईची. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, शाळेत भूगोल शिकवायची. अजूनही 'डावीकडे' म्हणत नाही, 'पश्चिमेला' म्हणते. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मी लग्न केलं नाही. निवृत्त झाले तेव्हा दोघींनी दोन घरं सांभाळण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी इकडे राहायला आले. झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही.

प्रमाण: सिमेंट एक, वाळू तीन, पाणी अंदाजे. साचा: जुना स्टीलचा वाडगा, आतून तेलाचा हात फिरवून. 'अंदाजे' हा शब्द लिहिताना पेन अडलं. पण सुरुवात आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माल वाडग्यातून निघता निघेना. उपडा करून बुडावर हातोडी मारली तर तीन तुकडे हातात आले. गवंडी भिंतीवरून बघत होता. म्हणाला, "बाई, हे काँक्रीट नाही, खोकल्याचं औषध झालं!"

मग भिंत ओलांडून आला आणि दाखवलं. कालवलेला माल मुठीत दाबायचा. गोळा झाला पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये. साधं आहे. पुस्तकात मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

सुधारित प्रमाण: पाणी, सिमेंटच्या निम्म्याहूनही थोडं कमी. मोजून.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भूछत्र जमलं. टोपी वाडग्यात, देठ प्लॅस्टिकच्या कापलेल्या बाटलीत, दोन्ही जोडायला मधे सळईचा तुकडा. वर लाल रंग, त्यावर पांढरे ठिपके.

ताईला व्हरांड्यातून हाक मारली. "छान झालंय," म्हणाली, पण तिचं लक्ष माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी. मग जवळ येऊन दोन्ही हातांनी चाचपलं, टोपीपासून देठापर्यंत, एखाद्या मुलाला ताप आहे का बघावं तसं.

"रंग कशाला दिलास? वास मारतोय. नुसतं सिमेंटच बरं होतं."

"अगं, लालभडक उठून दिसतंय."

"लाल का? मग तर नकोच. आणि वरून इतकं गुळगुळीत करू नकोस."

तिला पहिल्यापासून कशाचं कौतुक करता येत नाही. शाळेतही दहापैकी साडेसातच्या वर गुण द्यायची नाही म्हणे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सिमेंटच्या पोत्याला ओल लागायला नको म्हणून बागेच्या टोकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायला निघाले, तर ताई एकदम आडवी आली. "तिथे माझी हत्यारं आहेत. तुझी धूळ नको मला. व्हरांड्यात ठेव." शेडची किल्ली कमरेला असते तिच्या. सकाळ-संध्याकाळ ती तिथे जाऊन दार लावून घेते आणि दहा मिनिटांनी बाहेर येते. खुरप्या-कोयत्यांना एवढं काय तेलपाणी करायचं असतं, कोण जाणे.

मात्र मालाला पाणी मारायचं काम तिने आपणहून घेतलं. गवंड्याने बजावलं आहे, सात दिवस वस्तू तहानलेली ठेवायची नाही, नाहीतर तडकते. तिच्यावर ओलं गोणपाट टाकायचं आणि दिवसातून तीनदा भिजवायचं. ताई चालताना काहीतरी पुटपुटते, नळाशी पोचली की थांबते. वय. पण वेळ एकदाही चुकलेली नाही.

तिच्या एका सवयीबद्दल मात्र बोलावं लागलं. चहा ओतताना कपात बोट घालते. मी म्हटलं, "ताई, हे अस्वच्छ आहे." म्हणाली, "माझ्या कपात घालते, तुझ्या नाही." मग माझा चहा मीच ओतून घ्यायला लागले.

पेपरही वाचत नाही हल्ली. "त्यात काही राम नाही, तू ठळक मथळे सांग," म्हणते. आळशी झाली आहे.

२ मार्च, रविवार

पहिली ऑर्डर, घरातूनच. मी व्हरांड्यात वाळू चाळत होते. ताई बाजूला येऊन बसली.

"चिमे, मला चार खांब करून दे."

"कसले खांब?"

"शोभेचे. कमरेएवढे उंच. वर टोप्या. पण चारही वेगळ्या हव्यात. एकीवर खडे बसव, एकीवर पान उमटव, एकीला कंगोरे काढ आणि एक अगदी गुळगुळीत ठेव."

"चारही सारख्या केल्या तर बाग नीटनेटकी दिसेल."

"दिसण्याचं सोड गं. हाताला वेगळ्या लागल्या पाहिजेत."

हे कलेतलं काहीतरी असावं. मी वाद घातला नाही. मग तिने जागा सांगितल्या. फाटकापासून अकरा पावलांवर, नळाच्या वळणाला, खड्यांचा. तिथून पूर्वेला नऊ पावलं गेल्यावर लिंबाच्या झाडाखाली पानाचा. कंगोऱ्यांचा शेडच्या दारापाशी. गुळगुळीत, व्हरांड्याच्या पायरीच्या उजव्या अंगाला. कागद नाही, नकाशा नाही, सगळं तोंडपाठ. भूगोलाच्या बाई त्या भूगोलाच्याच बाई.

१६ मार्च, रविवार

चार खांबांना तेरा दिवस लागले. खाली मुद्दे आहेत, पुन्हा करायचं झालं तर उपयोगी पडतील.

साचा म्हणून पीव्हीसीचा जाड पाइप उभा चिरून घेतला आणि तारेने आवळून बांधला, म्हणजे नंतर सोलून काढता येतो. मधोमध सळई. माल थोडा थोडा ओतून पाइपाला बाहेरून लाकडाने ठोकत राहायचं, हवेचे बुडबुडे वर येतात. हे मला आवडलं. बाटली हलवून औषध एकजीव करण्यासारखंच आहे, फक्त इथे कोणी घाई करत रांगेत उभं नसतं.

पानासाठी अळूचं मोठं पान घेतलं, शिरांची बाजू मालाकडे करून दाबलं. तिसऱ्या दिवशी सोललं तर एकूण एक शीर उमटलेली. मी चष्मा काढून, लावून, पुन्हा काढून पाहिली. ताईने त्यावरून अंगठा फिरवला. मधल्या शिरेवरून खाली, तिथून एकेका फाट्यावर, एखादी नदी दाखवावी तसा.

"हे उत्तम झालंय," म्हणाली.

माझ्या माहितीत तिने 'उत्तम' हा शब्द कोणासाठी वापरलेला नाही.

२१ मार्च, शुक्रवार

भाचीचा फोन आला. ताईची एकुलती एक मुलगी, दुसऱ्या शहरात असते, तिसऱ्या मजल्यावर. दर महिन्याला विचारते, तसंच विचारलं. "आई, आता पुरे झालं ते घर. माझ्याकडे ये. मावशीलाही घेऊन ये." फोनवर एकमेकींना बघता येतं, तरी ताई फोन कानालाच लावते. भाचीला तिचा फक्त कान दिसतो. ती ओरडते, "आई, समोर धर!" ताई म्हणते, "आवाज पुरतो मला."

फोन ठेवून ताई दाराशी गेली, बागेकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर काय लावणार मी? कपडे वाळत?"

मला तरी तिसऱ्या मजल्यावर सिमेंट कुठे कालवता येणार आहे?

२९ मार्च, शनिवार

खांब उभे राहून आठवडा झाला. गवंड्याला पुढच्या गल्लीत काम लागलं आहे, येऊन खड्डे काढून गेला. दोन वीत खाली जमिनीत, भोवती खडी ठोकून.

परिणाम माझ्या अपेक्षेहून चांगला. ताई आता बागेत भराभर फिरते. मध्यंतरी तिचा वेग फारच मंदावला होता, पाय घासत चालायची. आता जाता येता प्रत्येक खांबाच्या डोक्यावर हात ठेवून पुढे जाते. लाडाने. बागेत चार सुंदर वस्तू आल्या तर माणसाला उत्साह येतो, हे मी आजवर नुसतं ऐकून होते.

समोरच्या वकीलीणबाई रुसल्या आहेत. म्हणाल्या, "तुमच्या ताईंना मी तीनदा हात केला, बघून न बघितल्यासारखं केलं त्यांनी." मी ताईला सांगितलं. म्हणाली, "हात कशाला करतात? तोंड नाही का त्यांना?" काही लोक म्हातारपणी तुटक होत जातात. पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून जाऊन तासभर बोलत बसली त्यांच्याकडे, तेव्हा मिटलं.

३ एप्रिल, गुरुवार

रोपवाटिकेत गेले होते. तिथल्या मालकीणबाईंना खांबांचे फोटो दाखवले. त्यांनी लगेच ओळखलं की वस्तू चांगल्या आहेत, पण जागा चुकल्या आहेत. म्हणाल्या, "विखुरल्यात हो. फाटकातून येणाऱ्या वाटेला दोन्ही बाजूंना दोन-दोन लावा, कमानीसारखं वाटेल. मग मी माणसं घेऊन येईन बघायला."

मलाही पहिल्यापासून हेच वाटत होतं. ताईला विचारलं तर नाही म्हणेल. करून दाखवलं तर कळेल तिला. शनिवारी दुपारी वकीलीणबाई तिला दाताच्या डॉक्टरकडे नेणार आहेत. दोन-अडीच तास मिळतील.

५ एप्रिल, शनिवार

ताई पडली. डावं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं आहे. घरी आणली.

६ एप्रिल, रविवार

झालं ते क्रमाने लिहिते.

ताई तीन वाजता गेली. गवंडी आला. खांब उपटताना त्याने विचारलं होतं, "मोठ्या बाईंना चालेल ना?" मी म्हटलं, "त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय." पाचपर्यंत चारही नव्या जागी उभे राहिले. भोवतीची माती झाडून घेतली. खरोखर देखणं दिसत होतं.

साडेपाचला वकीलीणबाईंनी तिला फाटकापाशी सोडलं आणि त्या आपल्या घरी वळल्या. मी व्हरांड्यात उभी होते, तिचा चेहरा पाहायला. ताई वाटेच्या कडेने आली. दोन्ही बाजूंचे खांब ओलांडून आली, त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अकरा पावलांवर तिने उजवा हात पुढे केला. हात हवेत गेला. ती थांबली, हात डावीकडे नेला, उजवीकडे नेला. मला वाटलं, चकित झाली आहे.

मी हसत म्हटलं, "कसं वाटतंय?"

ती माझ्या आवाजाच्या दिशेने घाईने वळली. वाट सोडून. नळाच्या कट्ट्याला पाय अडखळला आणि हातावर पडली.

तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "खांब कुठे गेला?"

इस्पितळात पोरसवदा डॉक्टरीण होती. हात बघून झाल्यावर तिने ताईच्या डोळ्यांत टॉर्च मारला, एकदा, पुन्हा एकदा. मला विचारलं, "आजींना दिसतं किती?" मी म्हटलं, "चष्मा आहे. व्यवस्थित दिसतं." तिने मला बाजूला उभं राहायला सांगितलं आणि ताईपुढे बोटं धरली. ताईने तिनाला दोन म्हटलं, मग काहीच म्हटलं नाही.

"काचबिंदूचे थेंब कोणते चालू आहेत?" डॉक्टरणीने विचारलं. ताईने नाव सांगितलं, अचूक, उच्चारासकट.

ते थेंब मी चौतीस वर्षं खिडकीतून देत आले. प्रत्येकाला सांगायचे, रोज ठरल्या वेळी घाला, चुकवू नका, दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं, पायरी चुकायला लागली, माणसं बाजूने आलेली कळेनाशी झाली तर लगेच दाखवा. पाठ होतं. घोकलेलं होतं.

घरी आल्यावर विचारलं.

"कधीपासून?"

"साडेतीन वर्षं झाली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू तिला सांगितलं असतंस." तिला म्हणजे भाचीला. "तुझ्या पोटात कधी काही राहिलंय? लहानपणी पाटी फोडलीस तरी मार खायला स्वतःच पुढे जायचीस. तिला कळलं असतं तर तिने मला नेऊन त्या तिसऱ्या मजल्यावर बसवलं असतं. इथे मला सगळं ठाऊक आहे. किती पावलं, कुठे काय. तिथे मी नुसती ठेवलेली वस्तू होईन."

"आणि खांब?"

"खांबांमुळे फार सोपं झालं होतं गं," म्हणाली. रागाने नाही. हेच मला जास्त लागलं.

८ एप्रिल, मंगळवार

एका हाताने तिला कुलूप निघत नाही. सकाळी किल्ली माझ्या हातात दिली. "बियांच्या डब्यांच्या मागे आहेत थेंब. आण."

मी गेले. एक फोडलेली बाटली, दोन न फोडलेल्या, खोक्यासकट. खोक्यावर छापलेलं असतं तसं छापलेलं होतं, थंड जागी ठेवा. दुपारी दोन वाजता भिंतीवरचा, हवेचं तापमान दाखवणारा थर्मामीटर घेऊन पुन्हा गेले आणि डब्यांच्या मागे ठेवला. पंधरा मिनिटांनी त्रेचाळीस अंश. अजून मे महिनाही आलेला नाही.

संध्याकाळी सहज विचारावं तसं विचारलं, "आधी कुठे ठेवायचीस?"

"फ्रीजच्या दारात. तू राहायला आलीस तेव्हा हलवले. तुझ्या नजरेतून बाटली सुटली नसती."

म्हणजे दोन उन्हाळे. हा तिसरा. मी खिडकीत असते आणि कोणी अशी बाटली दाखवायला आणली असती, तर एका शब्दात टाकून द्यायला सांगितली असती.

ती दोन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता ते थेंब घालत होती.

आज बाजारातून नवीन आणले.

११ एप्रिल, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डाव्या डोळ्याला फक्त उजेड कळतो. उजव्याने मधलं थोडंसं दिसतं, पाइपातून पाहिल्यासारखं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं.

ताईचे जुने कागद चाळून डॉक्टर म्हणाले, "गेल्या दोन वर्षांत बराच उतार आहे. औषध नियमित होतं ना?"

ताई म्हणाली, "एक दिवस चुकलं नाही." हजेरीपटाबद्दल बोलावं तशी, मान ताठ करून.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नियमित होतं."

१३ एप्रिल, रविवार

खांब परत जुन्या जागी. ताई व्हरांड्यात खुर्चीवर प्लास्टर मांडीवर घेऊन बसली आणि तिथून हुकूम सोडत होती. "आणखी एक पाऊल पूर्वेला. नाही, एवढं नाही." गवंडी घामाघूम झाला. म्हणाला, "मोठ्या बाई, तुम्ही साइटवर असता तर आमची काही धडगत नव्हती."

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मी कधीही आलो की त्या आधी खोकायला लावायच्या. म्हणायच्या, खोकून ये, म्हणजे कळतं कोण आलं ते."

सगळ्यांना थोडं थोडं माहीत होतं बहुधा.

२० एप्रिल, रविवार

भाची काल आली. हाताचं फोनवर सांगितलं होतं, डोळ्यांचं नाही. ताईने बजावलं होतं, "सांगू नकोस. चार दिवस निभावून नेऊ." मी हो म्हटलं होतं.

नाही जमलं. आज सकाळी जेवणाच्या टेबलाशी भाचीने आईपुढे मोबाइल धरला, मुलाचा फोटो. ताई म्हणाली, "गोड दिसतोय." भाची म्हणाली, "उंच झालाय ना?" ताई म्हणाली, "हो ना, किती!" फोटो नुसत्या चेहऱ्याचा होता. भाची हसली, पण मला ते बघवेना. मी चमचा खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. डोळे, साडेतीन वर्षं, खांब. शेडचं सोडून सगळं.

भाची आधी आईकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"मावशी, तू औषधांतली ना? दोन वर्षं एका घरात राहतेस. तुला दिसलं नाही?"

ताई म्हणाली, "तिला बोलू नकोस. मी तिच्यापासून लपवलं, आणि मी लपवते तेव्हा नीट लपवते."

"बॅग भर आई. मी काही ऐकणार नाही."

"बरं," ताई म्हणाली. मी चमकले. एवढ्या लवकर ती कधी कशाला बरं म्हणत नाही. "पण आधी झाडांना पाणी घालून येते. ऊन चढेल."

ती एकटी उतरली. आम्ही दोघी खिडकीत उभ्या. गुळगुळीत टोपीवर हात ठेवून तिने दिशा पकडली. नळाशी गेली, एका हाताने पाइप लावला, खड्यांच्या खांबावरून लिंबाकडे. एक वाळकं पान बोटांना लागलं ते खुडून टाकलं. मिरचीच्या वाफ्यापाशी वाकली, माती चाचपली, तिथे पाणी घातलं नाही, पुढे गेली. भाची म्हणाली, "तिथे का नाही घातलं?" मी म्हटलं, "ओल असेल." मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं की ती माती बघून ठरवतच नाही. चाळीस मिनिटं लागली. कुठेही अडखळली नाही.

ती आत आली तेव्हा भाचीने डोळे पुसून घेतले होते. पुसले नसते तरी चाललं असतं.

"आई, हे खांब माझ्या जिन्यात बसतील का?"

"खांब बसतील," ताई म्हणाली. "पुढे काय? पाचव्या पायरीवर मिरची लावू?"

बॅग भरली गेली नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

भाची गेली. अटी घालून गेली. दर महिन्याला डोळ्यांची तपासणी, निकाल तिला थेट. रोज फोन, आणि फोन समोर धरायचा, ताईला दिसत नसलं तरी तिला दिसतं. पायऱ्यांना कठडा. परत पडली तर चर्चा नाही. ताईने सगळ्याला मान डोलावली. रिक्षा वळल्यावर म्हणाली, "मुख्याध्यापक झाली असती ही."

थेंब आता मी घालते. सकाळी सात, संध्याकाळी सात. बाटली फ्रीजमध्ये, दारातल्या कप्प्यात, उघड.

१८ मे, रविवार

काल प्लास्टर काढलं. मनगट बारीक झालं आहे, पण बोटं हलतात. डॉक्टरांनी हाताला हलकं काम सांगितलं आहे. ताई म्हणाली, "मग तुझा तो माल कालव. आज मी करते."

एक सिमेंट, दोन वाळू. मी हातमोजे चढवून दिले, तिने माल मुठीत दाबला, गोळा केला, दाबला. पाणी कमी आहे म्हणाली. बरोबर होतं. कसलाही साचा न घेता, तळव्यावर थापून थापून तिने एक पसरट वाटी केली, पक्ष्यांना पाणी ठेवायला. कड वेडीवाकडी आहे. मी नीट करायला गेले तर हातावर चापट मारली.

वाटी गोणपाटाखाली ठेवली आणि आम्ही पायरीवर बसलो. हातमोजे काढत ती म्हणाली, "चिमे, एक विचारू? मी ते थेंब शेडमध्ये ठेवत होते. त्याने काही बिघडलं का?"

मी तयारीत नव्हते. तरी लगेच म्हटलं, "नाही गं. त्या थेंबांना काही होत नाही."

औषधाबद्दल आयुष्यात कधी चुकीची माहिती दिली नव्हती. आवाज नेहमीसारखा निघाला. खिडकीतला.

ताईने मान हलवली. "बरं," म्हणाली. तिला पटलं असावं.

मग तिने माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला, उलटा केला, आणि तळव्यावरून अंगठा फिरवला, सावकाश, प्रत्येक भेगेवरून.

"किती चिरा पडल्यात तुझ्या हाताला," म्हणाली. "सिमेंटने खाल्लंय सगळं. काही लावत का नाहीस?"

मी म्हटलं, लावीन. पण हात तिथेच राहू दिला.